झाकणाच्या आतून

दिवाळीचे आकाशकंदील अजून गॅलऱ्यांत लोंबत असतात
तेव्हाच आमची फाइल निघते:
आमदार निवास, गिझर दुरुस्ती, अधिवेशनाआधी.
माझं आडनाव निखारे.
साहेब दरवर्षी त्यावर तोच विनोद करतात,
मी दरवर्षी हसतो. बिल पास व्हायचं असतं.

वर्षभराच्या बंद खोल्या. दार ढकललं
की आधी कबुतर उडतं, मग वास येतो.
यंदा हाताखाली आयटीआयची पोरगी दिलीये,
करिश्मा उके. शिडीवर माझ्याआधी चढते.
मी खालून सांगतो: मेन पाड. टेस्टर लाव.
टेस्टरवर भरवसा ठेवू नको, परत लाव.
टाकी रिकामी होऊ दे, घाई नाही,
मग नट, मग गास्केट,
आणि कॉइल ओढ हळू,
बोरीच्या काट्यातून ओढणी सोडवतेस तशी.

कॉइलवर क्षार, पांढरा, बोटभर.
"काका, हे तं चकलीवानी दिसून राह्यलं."
"दिसू दे. तापली पायजे, बस."
लिंबूसत्त्वाच्या बादलीत ती फसफसते
आणि आम्ही पुढची खोली उघडतो.

थंडीचा पत्ता नाही अजून. दुपारी शर्ट पाठीला चिकटतो,
घरी कूलर खिडकीतच आहे, खस काढायची राहिलीये.
पण मी ओळखतो तिला.
डिसेंबरात एका रात्री आभाळ एकदम धुतल्यासारखं होतं,
टपरीमागे पुठ्ठे जळायला लागतात,
आणि सकाळी सहाला फोन येतो: पाणी कोमट आहे.
कोमट.
एवढासा शब्द, पण सरकारी कागदावर चढला
की त्याला उत्तर द्यायला तीन माणसं लागतात.

तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत,
टाकीलाच भोक. करिश्मानं झाकण काढलं
आणि थांबली.
"काका, हे तुमचं अक्षर हाय न?"

आतल्या बाजूला, पेन्सिलनं:
थर्मोस्टॅट बदलला. ४ डिसेंबर.
त्याखाली, वाकडं:
डागातून निरोप. मुलगी. २ किलो ३००.

माझ्याकडे मोबाइल नव्हता तेव्हा.
कॅन्टीनच्या फोनवर निरोप आला, चौकीदार तीन जिने चढला,
धापा टाकत म्हणाला, "झालं."
मी शिडीवरूनच विचारलं, काय झालं?
"ते नाही विचारलं न बाप्पा."
तो परत उतरला. परत चढला.
वजनसुद्धा विचारून आला, बिचारा.
मी स्क्रू आवळले, नळाखाली हात धरून पाणी तपासलं,
मग सायकल काढली.
गांधीबागेपर्यंत डावी बाही ओलीच होती.

आता हा गिझर भंगारात. यादी करावी लागते:
टाकी एक, कॉइल एक, झाकण एक.
करिश्मानं नव्या गिझरचं झाकण घेतलं, जुनं घेतलं,
भोकं भोकांना लावून पाहिली.
"बसते, काका."
टाकी दुधासारखी, झाकण पिवळं पडलेलं.
"जेई विचारन."
"विचारू द्या. म्हना, ओरिजिनल पार्ट हाय."
नवं कोरं झाकण भंगाराच्या पोत्यात गेलं.
यादी बरोबर. झाकण एक.

मेन उचलली. लाल दिवा लागला.
आम्ही दोघं नळापाशी उभे, बोलण्यासारखं काही नव्हतं.
आधी गंज आला, मग थंड, मग बराच वेळ थंडच,
मग तिनं हात मागे घेतला.

रात्री घरी रॉडच्या वायरला टेप मारत बसलो होतो.
लेक पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली,
"बाबा, यंदा तरी घेऊन टाकू न गिझर."
मी म्हटलं, मार्चमध्ये पाहू. सीझन गेला की स्वस्त भेटते.
ती हसली.
मार्चमध्ये आमच्याकडे कूलरचा पंप जळतो.